एट्रियल फिब्रिलेशन: योग्य डॉक्टर, योग्य गोळी, योग्य डोस

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (पुढे एएफ) हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. त्यामुळे पहिल्या भेटीत डॉक्टरांशी दोन स्वतंत्र प्रश्नांवर बोला: गुठळी टाळायला रक्त पातळ करणारी गोळी हवी का, आणि ठोक्यांचं काय करायचं? धडधड जाणवते, गुठळी जाणवत नाही. म्हणून बहुतेकांचा पहिला प्रश्न मागे राहतो, आणि घात तिथेच होतो.

निदान ईसीजीवरच होतं. मनगटी घड्याळाचा इशारा हा फक्त संशय. किमान ३० सेकंदांची ईसीजीची पट्टी डॉक्टरांनी स्वतः पाहायला हवी. एएफ येऊन-जाऊन असेल तर २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र) काहीच सापडलं नाही, असं सहज होतं. अशा वेळी जास्त दिवसांचं मॉनिटरिंग मागा. धडधड सुरू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या आणि लगेच त्याचा फोटो ठेवा, कारण त्या कागदावरची रेघ काही महिन्यांत पुसट होते.

भेटीला जाताना सगळे ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), पोटॅशियम, यकृताच्या चाचण्या आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) यांचे रिपोर्ट न्या. वाढलेल्या थायरॉइडमुळे एएफ होऊ शकतं, म्हणून टीएसएच वगळू नका. वजन आणि चालू गोळ्यांची यादी कागदावर लिहून न्या.

सुरुवात फिजिशियन किंवा हृदयरोगतज्ज्ञ करू शकतात. गोळ्या घेऊनही त्रास होत असेल, चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, हृदयाचं पंपिंग घटलं असेल किंवा अॅब्लेशनचा (नळी घालून ठोके बिघडवणारी हृदयातली जागा निकामी करण्याचा) विचार असेल तर इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्टकडे, म्हणजे ठोक्यांच्या तज्ज्ञाकडे, पाठवायला सांगा. मात्र त्यांची वेळ मिळेपर्यंत रक्त पातळ करण्याचा निर्णय लांबवू नका.

तो निर्णय गुणांवर होतो. हृदय अशक्त होणं, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार, वय ६५ ते ७४ यांना प्रत्येकी १. वय ७५ किंवा जास्त, तसंच आधी झालेला पक्षाघात यांना प्रत्येकी २. बेरीज २ किंवा अधिक असेल तर गोळी सुचवली जाते, १ असेल तर चर्चा करून ठरवतात. अॅस्पिरिन हा याला पर्याय नाही: पक्षाघातापासून संरक्षण तोकडं, रक्तस्रावाचा धोका मात्र खरा.

इकोचा रिपोर्ट इथे फार महत्त्वाचा. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली) मध्यम किंवा जास्त अरुंद असेल, किंवा धातूची कृत्रिम झडप असेल, तर वॉरफरिनसारखीच गोळी लागते. अरुंद झडपेसाठी आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारी चाचणी) २ ते ३ मध्ये ठेवतात. कृत्रिम झडपेचं लक्ष्य झडपेनुसार ठरतं. इतरांना सहसा रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या देतात, पण डोसात चुका होतात. अपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यांपैकी दोन गोष्टी असतील तरच २.५. ‘जपून’ म्हणून उगाच अर्धा डोस दिला तर संरक्षण घटतं, म्हणून कारण विचारा. रिवरोक्साबॅन जेवणासोबतच घ्यायची, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. डॅबिगाट्रानची कॅप्सूल फोडू नका.

ठोक्यांचा वेग आवरायला मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल. डिल्टियाझेम पंपिंग घटलेल्यांना चालत नाही. लय परत आणायची तर निदानानंतरच्या पहिल्या वर्षातच विचारा, उशीर झाला की यश कमी होत जातं. लय राखणारी फ्लेकेनाइड हृदयाच्या धमन्यांत अडथळा असलेल्यांना देत नाहीत. लयीचीच दुसरी गोळी अमियोडॅरोन सुरू असेल तर थायरॉइड आणि यकृताची तपासणी दर सहा महिन्यांनी करा. ती वॉरफरिनचा परिणामही वाढवते. विजेचा झटका देऊन लय आणण्याआधी तीन आठवडे सलग रक्त पातळ करणारी गोळी हवी, नाहीतर अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही याची खात्री करतात. झटक्यानंतर किमान चार आठवडे गोळी चालूच. लय सुधारली, अॅब्लेशन झालं, तरी गुण जास्त असतील तर ती सहसा पुढेही चालू राहते.

रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळीचा डोस चुकला तर दिवसातून दोनदाची गोळी ६ तासांच्या आत, एकदाची १२ तासांच्या आत घ्या. वेळ उलटली तर सोडा, दुप्पट घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामकं स्वतःहून नको. रिफॅम्पिसिन (टीबीचं औषध), फेनिटॉइन (फिट्सचं औषध) रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा असर कमी करतात, म्हणून नवं औषध सुरू करण्याआधी विचारा. दात काढण्यासाठीसुद्धा गोळी स्वतःहून बंद करू नका.

तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, काळी शौच किंवा डोक्याला मार लागणं: यांपैकी काहीही झालं तर थेट आपत्कालीन विभागात जा. रक्त पातळ करणारी शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे तिथे सर्वात आधी सांगा. पुढचे उपचार त्यावर अवलंबून असतात.