एपीआय की, टोकन की लॉगिन? नकाशाचं ॲप करताना मला बसलेला फटका

पोळा झाला की आमच्या वरुड-मोर्शीकडे व्यापारी बागा बघत फिरायला लागतात. आंबिया बहाराचा संत्रा झाडावर असतानाच अख्ख्या बागेचा सौदा होतो. दोन वर्षांपूर्वी असाच एक व्यापारी शेजारच्या गावातल्या काकांच्या धुऱ्यावर उभा राहिला आणि झाडं न मोजताच म्हणाला, "४५० झाडं, ८०० फुटांचा बोअर, अन् तुम्ही कितीवर अडून बसले तेही मले मालूम आहे." संध्याकाळी काकांचा फोन आला. "पोरी, माहा भाव म्या घरातबी कोणाले सांगतला नाही. फक्त तुह्या ॲपात भरला होता. त्याले कसा समजला?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

ॲप मी एका शेतकरी गटासाठी केलं होतं. नकाशावर बागेची हद्द, झाडांची संख्या, बोअरची खोली, बहार आणि अपेक्षित भाव. चार पोरं मोबाइल घेऊन बागा मोजत होती. नकाशा आणि डेटा आर्कजीआयएस ऑनलाइन या नकाशांच्या सेवेवर. एपीआय की म्हणजे ॲपनं सेवेला दाखवायचा अक्षर-आकड्यांचा पास आणि फीचर लेयर म्हणजे नकाशावरच्या नोंदींचा तक्ता, एवढं धरून पुढचं वाचा.

भाव फुटला कसा, हे मला त्या व्यापाऱ्याच्याच पुतण्यानं दाखवलं. इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा. बस स्टँडजवळच्या हॉटेलात समोर बसला, लॅपटॉपवर माझं ॲप उघडलं, एफ१२ दाबलं, ब्राउझर सर्व्हरकडे काय मागतो ते दाखवणारा नेटवर्कचा टॅब काढला. नकाशा हलला तशा विनंत्यांच्या ओळी खाली पडत गेल्या. त्यातली एक त्यानं कॉपी केली, नव्या टॅबमध्ये चिकटवली, काकांच्या मोबाइल नंबरची अट काढली आणि तिथं "एक बरोबर एक" लिहिलं, म्हणजे प्रत्येक नोंदीला लागू पडेल अशी अट. एंटर मारताच गटातल्या सगळ्यांच्या नोंदी समोर आल्या, भावासकट. म्हणाला, "ताई, कुलूप तोडलं नाही मी. दार उघडंच होतं."

मी तर काळजी घेतली होती ना! लेयर खासगी ठेवला होता. की कोडमध्ये न लिहिता डॉट ईएनव्ही या सेटिंगच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवली होती. ती फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे वगळायच्या फायलींच्या यादीत टाकली होती, म्हणून कोड ठेवायच्या गिटहबवर गेलीच नव्हती. आणि प्रत्येक शेतकऱ्याला फक्त स्वतःची बाग दिसेल असा फिल्टर लावला होता. यातलं एकही कुलूप नव्हतं, हे नीट समजून घ्या, कारण नवीन माणूस हमखास इथंच अडकतो.

डॉट ईएनव्ही फाइल सर्व्हरवरच्या कोडसाठी गुप्त असते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडला गुप्त असं काही नसतंच. वेब ॲप बांधायचं वीट (Vite) हे साधन वापरत असाल तर नावाच्या सुरुवातीला "वीट अंडरस्कोअर" (VITE_) असलेली प्रत्येक किंमत बिल्ड होताना, म्हणजे ॲपच्या फायली तयार होताना, जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये जशीच्या तशी लिहिली जाते. ती फाइल प्रत्येकाच्या मोबाइलवर उतरते. म्हणजे की गिटहबवर गेली नाही, पण गावभर गेली. कोड उलटासुलटा करून वाचता येणार नाही असा केला तरी फरक पडत नाही, कारण विनंती जाताना की किंवा टोकन, म्हणजे सर्व्हरनं दिलेला तात्पुरता पास, सोबत जावंच लागतं आणि नेटवर्कच्या टॅबमध्ये ते दिसतंच. एपीकेचं, म्हणजे अँड्रॉइड ॲपच्या फाइलचंही तेच. ती खोलून बघता येते.

आता फिल्टर. फिल्टर माझ्या कोडनं पाठवलेल्या विनंतीत होता आणि विनंती पाठवणारा ती बदलू शकतो. सर्व्हरला एवढंच कळत होतं की ही की खरी आहे आणि तिला हा लेयर वाचायची परवानगी आहे. विचारणारा काका आहे की व्यापारी, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. की ॲपची ओळख सांगते, माणसाची नाही. हे वाक्य मी आधी दहा ठिकाणी वाचलं होतं. समजलं त्या हॉटेलात.

मला तेव्हा एक मार्गदर्शक होते, मोठ्या शहरातले. त्यांचा सल्ला असायचा, "आधी चालव, सुरक्षा मग बघू." माणूस वाईट नव्हता, पण माझी स्क्रीन त्यांनी एकदाही उघडून बघितली नाही. माझं स्पष्ट मत आहे, दहा लिंक पाठवणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा शेजारी बसून तुमचा नेटवर्क टॅब बघणारा ज्युनिअर बरा. आणि व्हिडिओ बघून शिकत असाल तर ज्या व्हिडिओत की थेट कोडमध्ये चिकटवलेली दिसते, तो तिथंच बंद करा. की तशी चिकटवली की दोन तास वाचतात, सवय मात्र जन्माची लागते.

आर्कजीआयएसमध्ये पद्धती तीन आहेत. एपीआय की, ॲपचं प्रमाणीकरण (ॲपच्या सर्व्हरनं स्वतःची ओळख पटवणं) आणि वापरकर्त्याचं लॉगिन. कोणती घ्यायची हे सोपं काय आहे यावर ठरवू नका. स्वतःला विचारा, हा डेटा कोणाचा आहे आणि तो मागणारा कोण आहे हे सर्व्हरला कळायला हवं का?

पार्श्वभूमीचा नकाशा, गावाचं नाव शोधणं, रस्ता काढणं, यात कोणाचं खासगी काही नाही. तिथं एपीआय की पुरते, आणि ती ब्राउझरमध्ये दिसली तरी चालते. फक्त तिला तेवढ्याच सेवांची परवानगी द्या आणि तुमच्या संकेतस्थळाचा रेफरर, म्हणजे विनंती कोणत्या पानावरून आली तो पत्ता, बांधून टाका. रेफरर खोटाही पाठवता येतो, म्हणून खासगी लेयरची परवानगी त्या कीला कधीच देऊ नका. की जास्तीत जास्त एक वर्षाची काढता येते. एका क्रेडेन्शियलवर (कीच्या नोंदीवर) दोन की ठेवता येतात, त्यामुळे जुनी संपायच्या आत दुसरी चालू करून ठेवा. गूगल मॅप्स वापरत असाल तर तिथंही की कोणत्या संकेतस्थळासाठी, कोणत्या अँड्रॉइड ॲपसाठी आणि कोणत्या एपीआयसाठी हे बांधता येतं. तिथं बजेटचा इशारा लावला म्हणजे खर्च थांबेल असं समजू नका. इशाऱ्यानं फक्त ईमेल येतो. वापर अडवायचा तर कोटा लावावा लागतो.

खासगी डेटासाठी पुस्तकी उत्तर म्हणजे वापरकर्त्याचं लॉगिन, म्हणजे ओऑथ २.० ही लॉगिनची ठरलेली पद्धत, आणि त्यातही पीकेसीई (मधे चोरलेला लॉगिनचा कोड दुसऱ्याला चालू नये अशी सोय) असलेला मार्ग. मोजणीच्या चार पोरांसाठी मी तेच केलं. प्रत्येकाचं वेगळं खातं, आणि लेयरवर "संपादकाला फक्त स्वतःच्या नोंदी दिसाव्यात" ही सेटिंग. पहिले दोन दिवस रिडायरेक्टचा, म्हणजे लॉगिननंतर परत यायचा पत्ता जुळेना. नोंदवलेल्या पत्त्यात शेवटी तिरकी रेघ नव्हती, कोडमध्ये होती. एवढ्याशा रेघेनं माझं डोकं फिरलं होतं. तुमचंही फिरेल. घाबरू नका, अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

पण शेकडो शेतकऱ्यांना अशी खाती कशी देणार? प्रत्येक सदस्याला परवाना लागतो, त्याचे पैसे लागतात, आणि अर्ध्या घरांत मोबाइल एकच, तोही पोराच्या हातात. म्हणून त्यांच्यासाठी मधला मार्ग काढला. शेतकरी माझ्या छोट्या सर्व्हरवर ओटीपीनं येतो. सर्व्हरकडे क्लायंट आयडी आणि क्लायंट सीक्रेट आहे, ॲपचं नाव आणि पासवर्ड म्हणा. तो ॲपच्या प्रमाणीकरणानं टोकन घेतो, लेयरला विचारतो आणि त्या नंबरची तेवढीच नोंद फोनकडे पाठवतो. टोकन फोनपर्यंत जातच नाही. कोणाला काय दाखवायचं हे सर्व्हर ठरवतो. क्लायंट सीक्रेट ब्राउझरमध्ये ठेवलं तर मात्र सगळं मुसळ केरात, माझ्या कीसारखंच. हे टोकन साधारण दोन तास टिकतं. संपलं की सर्व्हर नवं घेतो, शेतकऱ्याला कळतही नाही.

शेतात एक वेगळीच अडचण आली. बागेत रेंज नाही. पोरं सकाळी लॉगिन करून जायची, आणि ॲक्सेस टोकन असतं अर्ध्या तासाचं. दुपारी रेंजमध्ये येऊन नोंदी पाठवल्या की सगळं ठीक दिसायचं, पण लेयरमध्ये काहीच नसायचं. कारण शोधायला मला आठवडा लागला. ही सेवा चूक झाली तरी बऱ्याचदा एचटीटीपीचा २००, म्हणजे "सगळं ठीक", हाच आकडा देते आणि खरी चूक उत्तराच्या आत लिहिलेली असते. ४९८ म्हणजे टोकन चालत नाही, ४९९ म्हणजे टोकनच नाही. माझा कोड २०० बघून नोंद "पाठवली" समजायचा आणि फोनमधली प्रत पुसायचा. उन्हात फिरून मोजलेल्या ११ बागा अशा गेल्या. त्या पोरांना परत पाठवताना मला फार वाईट वाटलं. आता उत्तर आतून वाचते, रिफ्रेश टोकननं नवं टोकन घेते, आणि लेयरमधून नोंदीचा क्रमांक परत आल्याशिवाय फोनमधली प्रत पुसत नाही. रिफ्रेश टोकन दोन आठवडे चालतं, म्हणून दर सोमवारी गावातून निघतानाच पोरांनी नव्यानं लॉगिन करायचं असं ठरलंय.

तुमच्या हातून आधीच की बाहेर गेली असेल तर कोडमधून पुसत बसू नका. गिटच्या इतिहासात ती राहते आणि लोकांच्या फोनमध्ये जुनी फाइल राहते. की रद्द करा, आजच. ॲप तासभर बंद पडलं तरी चालेल. मी हे करायला काकांच्या फोननंतर दीड दिवस लावला, आणि त्या दीड दिवसाचं मला अजून वाईट वाटतं. पण काम सुटलं नाही, गटानं मला काढलं नाही. मी सगळ्यांसमोर उभं राहून काय झालं ते सांगितलं, तेव्हा एक आजोबा एवढंच म्हणाले, "आता तं समजलं ना? मंग दुरुस्त कर."

आता दर रिलीजच्या आधी बिल्ड मी त्या पुतण्यालाच देते. तो नेटवर्क टॅब उघडून बसतो, विनंत्या उचलतो, नंबर बदलून बघतो. मागच्या वेळी त्याला पार्श्वभूमीच्या नकाशाची की मिळाली. ती घेऊन त्यानं लेयर मागितला, तर परवानगी नाही असं उत्तर आलं. ते मी काकांना मोबाइलवर दाखवलं. यंदा त्यांनी झाडं भरली, बोअर भरला. भावाचा रकाना मात्र अजून रिकामा आहे.