फ्लामेंको माझ्या हातून कसा सुटला

फ्लामेंको म्हणजे स्पेनमधलं गाणं, नाच आणि गिटार; त्यातली गिटार मी वाजवायचो. ‘फ्लामेंको का सोडलास?’ असं विचारलं की मी नखांवर ढकलतो. खोटं नाही ते. रास्गेआदो नावाच्या वादनपद्धतीत बोटं तारांवर पंख्यासारखी उघडतात, नखं टिकत नाहीत. मी तर पार्लरमध्ये बायकांच्या रांगेत बसून अ‍ॅक्रिलिकची नखं लावून घेतली आहेत. पण नखं पुन्हा वाढतात.

खरी गोष्ट अशी, की पुण्यातल्या खोलीत चार वर्षं मी एकट्यानं फक्त फाल्सेता बसवत होतो. गायकाच्या दोन ओळींमध्ये गिटारला मिळते ती जागा म्हणजे फाल्सेता. मधल्या जागा पाठ, गाणंच नाही! गिटारवादक पाको दे लुसियांचा वेग ऐकून मी भाळलो होतो. त्याच पाकोंनी १९६९ पासून कित्येक वर्षं कामारोन या गायकाच्या गाण्याला साथ केली, तिकडे लक्षच दिलं नाही.

मग पैसे साठवून स्पेनमधल्या अंदालुसियात, हेरेस गावी दोन आठवडे शिकायला गेलो. पहिल्याच दिवशी गिटार खाली ठेवायला लावली आणि बुलेरिया या फ्लामेंकोच्या प्रकाराच्या टाळ्या धरायला सांगितल्या. बारा मात्रा, आपला एकतालही बाराचा, त्यामुळे मी निर्धास्त. पण इथे मोजणी बाराव्या मात्रेपासून सुरू, आणि वजन १२, ३, ६, ८, १० वर. म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन. पहिल्या मात्रेवर सम शोधणारा माझा कान तिसऱ्या आवर्तनातच भरकटला. पुढे सोलेआ हा दुसरा प्रकार गाणाऱ्या बाईंनी एक ओळ लांबवली, तेव्हा मी घोटलेली फाल्सेता भलत्याच ठिकाणी ठोकून दिली. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

परत आलो तर इथे ना गाणारं, ना नाचणारं. ठेका मोजणारा मेट्रोनोम काही ‘ओले’ अशी दाद देत नाही. मित्रांच्या बैठकीत चार मात्रांचा रुंबा चालायचा, मग तोच वाजवू लागलो; मग नुसती गाणी. ‘सोडलं’ असा दिवस काही आला नाही. तारा बदलायच्या राहिल्या, एवढंच.

नवीन असाल तर आधी टाळ्या शिका, सहा महिने गेले तरी चालतील. तांगोस आणि सोलेआ, दोनच प्रकार धरा. गायकाच्या पट्टीला कापो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून रेकॉर्डिंगबरोबर नुसते कॉर्ड वाजवा. कंटाळवाणं आहे, माझ्याच्यानं तेच झालं नाही. आणि नाचणारं कुणीतरी गाठा, कथकवालं असलं तरी चालेल. माझ्या एका कथक शिकणाऱ्या मैत्रिणीला हे बाराचं गणित पंधरा मिनिटांत पायात बसलं. तेव्हा माझ्या गिटारला चारच तारा होत्या.