नवीन क्यूबी हातात आलाय? आधी पोरगा बघा, प्लेबुक नंतर

अमेरिकन फुटबॉलमध्ये तरुण क्यूबी, म्हणजे पास फेकणारा आणि हल्ला चालवणारा क्वार्टरबॅक, टीममध्ये आला की बरेच कोच आपलं जाडजूड प्लेबुक (ठरवलेल्या चालींची, म्हणजे प्लेंची वही) त्याच्या पुढ्यात ठेवतात आणि म्हणतात, पाठ कर. माझं म्हणणं अगदी उलटं आहे, पोरगा काय करू शकतो ते बघायचं आणि त्याच्या मापाचं ऑफेन्स (हल्ल्याची पद्धत) शिवायचं.

ही काही आजची गोष्ट नाही. 1970 ला एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या सिनसिनाटी बेंगल्सकडे लांब फेकणारा ग्रेग कुक खांद्याच्या दुखापतीमुळे बाहेर बसला आणि व्हर्जिल कार्टर आला, ज्याच्या हातात तेवढा जोर नव्हता पण नेम चांगला होता आणि डोकं चालायचं. तेव्हा असिस्टंट कोच असलेल्या बिल वॉल्शने त्याच्यासाठी छोटे, आडवे, टायमिंगवरचे पास रचले, ज्याला पुढे लोक वेस्ट कोस्ट ऑफेन्स म्हणायला लागले.

तर सुरुवात फिल्मपासून करा, पण हायलाइट्स नकोत. त्याचा प्रत्येक पास बघा आणि नोंद करा, शॉटगनमधून (बॉल देणाऱ्या सेंटरच्या काही पावलं मागे उभं राहून) होता की अंडर सेंटर (त्याच्या अगदी मागे चिकटून), डावीकडे मधे की उजवीकडे, उभं राहून की पळता पळता. सगळ्यात जास्त वेळ द्या तो पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) कव्हर झालेल्या प्लेंना. तेव्हा त्याचे पाय शांत राहतात का, नजर दुसऱ्या रिसीव्हरकडे जाते का, की लगेच बॉल घेऊन पळत सुटतो? खरा क्यूबी तिथे दिसतो. मग त्याला समोर बसवून विचारा की थर्ड डाउनला (दहा यार्ड्स मिळवायच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) तुला कुठले पाच प्ले आवडतील, आणि तो सांगेल ते खरंच प्लेबुकमध्ये घ्या.

पाय चांगले असतील तर रीड ऑप्शन घ्याच. साध्या रनमध्ये क्यूबी बॉल देऊन मोकळा होतो म्हणजे डिफेन्सकडे एक माणूस जास्त उरतो, इथे मात्र एका डिफेंडरला मुद्दाम ब्लॉक करत नाहीत, तो रनिंग बॅकवर (बॉल घेऊन पळणाऱ्यावर) धावला की क्यूबी बॉल स्वतःकडे ठेवतो, तो थांबला की देऊन टाकतो, हिशोब बरोबरीत आला! 2019 ला बॉल्टिमोर रेव्हन्सने लामार जॅक्सनभोवती सगळं असंच बांधलं, सीझनमध्ये पळून मिळवलेल्या 3,296 यार्ड्सचा एनएफएल रेकॉर्ड, 14 विजय आणि 2 पराभव, आणि लामार एकमताने एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू). पण मुद्दाम आखलेले रन मोजून ठेवा आणि स्लाइड करायला (टॅकल व्हायच्या आधी स्वतःच घसरून खाली बसायला) पहिल्या आठवड्यात शिकवा. वॉशिंग्टनचा रॉबर्ट ग्रिफिन 2012 ला याच पद्धतीने ऑफेन्सिव्ह रुकी ऑफ द इयर (रुकी म्हणजे पहिल्या वर्षाचा खेळाडू) झाला, डिसेंबरमध्ये गुडघा दुखावला, तरी खेळवला आणि जानेवारीत प्लेऑफमध्ये तोच गुडघा गेला. अजून वाईट वाटतं त्याचं. दुखापत झाली की बसवा, मॅच कुठलीही असो.

पॉकेटमधला (ब्लॉक करणाऱ्यांच्या आड उभं राहून फेकणारा) पोरगा असेल तर रॅम्सचा जॅरेड गॉफ आठवा. 2016 ला रुकी म्हणून 7 मॅच स्टार्ट केल्या, सातही हरल्या, रॅम्स स्कोरिंगमध्ये लीगमध्ये शेवटचे. पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे कोच म्हणून आला आणि तीच टीम स्कोरिंगमध्ये पहिली. रिसीव्हर आणि लाइनमनही (पुढे उभं राहून ब्लॉक करणारे) नवे आले होते हे खरं, पण प्ले ॲक्शन (रनचं नाटक करून पास) आणि बूटलेगमुळे (नाटकानंतर क्यूबी एका बाजूला पळत जातो) लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सची मधली फळी, पुढे ओढले जायचे, मधे मोकळी जागा मिळायची, आणि टीम लवकर लाइनवर आली की हेल्मेटमधला रेडिओ प्ले क्लॉकला (प्ले सुरू करायच्या मुदतीच्या घड्याळाला) 15 सेकंद उरून बंद होईपर्यंत कोच त्याच्याशी बोलू शकायचा.

बाकी दोन गोष्टी पटकन. कॉलेजमध्ये प्लेची जी नावं होती ती शक्यतो तीच ठेवा, नवी भाषा तुम्ही शिका, तुम्हाला वेळ आहे. आणि प्ले थोडे, फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी) जास्त, एकच पास चार वेगळ्या फॉर्मेशनमधून आला की डिफेन्सला नवीन वाटतं, पोराला मात्र ओळखीचाच असतो.

मॅचच्या आदल्या रात्री कॉल शीट (मॅचसाठी निवडलेल्या प्लेंची यादी) त्याच्या हातात द्या, पेन द्या, आणि जे प्ले नकोसे वाटतात त्यावर काट मारायला सांगा. तुमचा लाडका प्ले गेला तरी वाद घालू नका.