कडुनिंबावर चढण्याआधी घर्षणगाठ नीट समजून घ्या

वळवाचा पहिला तडाखा बसायच्या आत रस्त्यावर आलेल्या फांद्या उतरवायच्या, म्हणून सोलापुरात झाडांच्या कामाची घाई एप्रिल-मेमध्ये असते. रोपवर, म्हणजे चढाईच्या दोरावर, चढायला शिकणारी नवी मुलंही याच दिवसांत येतात. कासरा, सोल हाताळून त्यांचे हात तयार असतात, गाठ आवळून बांधायची सवय असते. घर्षणगाठीत नेमकी तीच सवय आड येते. वजन पडलं की धरायचं आणि हाताने सैल केलं की सरकायचं, अशी दोन कामं ही एकच गाठ करते.

सुरुवात दुहेरी रोपवरच करा. रोप फांदीवरून टाकायचा, एक टोक हार्नेसला, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्याला, लावायचं आणि खाली आलेल्या दुसऱ्या पदरावर गाठ बांधून तीही हार्नेसला जोडायची. वजन दोन पदरांत वाटलं जातं, म्हणजे ८० किलोच्या माणसाचा गाठीवर साधारण निम्माच भार येतो. एकेरी रोपवर हीच गाठ पूर्ण वजन घेते. मग ती एक तर सुटता सुटत नाही, नाहीतर सुटली की रोप जाळत खाली येते. वेगळं घर्षण देणारं साधन जोडल्याशिवाय एकेरी रोपवरून नुसत्या गाठीवर उतरायचं नाही. आधार, म्हणजे रोप टाकलेली फांदी, १२ मीटरवर असेल तर दोन पदरांनाच २४ मीटर लागतात, म्हणून ३० मीटरचा रोप घ्या आणि खालच्या टोकाला न विसरता गाठ मारा. रोप अपुरा पडला तर तीच गाठ तुम्हाला रोपच्या टोकावरून सुटू देत नाही.

पहिली शिकायची ती ब्लेक्स हिच. हार्नेसकडून आलेल्या दोरीच्या शेंड्याने मुख्य रोपभोवती खालून वर चार वेढे घ्या. खालचे दोन वेढे अंगठ्यावरून घेतले तर आत जागा राहते. मग शेंडा खाली आणा, हार्नेसकडे जाणाऱ्या दोरीच्या पुढून न्या, मुख्य रोपच्या मागून फिरवा आणि अंगठा काढून त्या जागेतून, म्हणजे खालच्या दोन वेढ्यांच्या आतून, वर बाहेर काढा. शेंड्याला आठाची गाठ मारा आणि वीतभर टोक शिल्लक ठेवा. चूक होते ती एकाच ठिकाणी: शेंडा हार्नेसच्या दोरीच्या पुढून न नेता सरळ वेढ्यांत खुपसला जातो. लांबून गाठ तशीच दिसते, पण शेंडा दाबून धरणारं काहीच नसतं आणि ती उलगडते. म्हणून वेढे मोजण्याआधी शेंड्याची वाट बोटाने तपासा.

दुसरी घर्षणगाठ प्रुसिक. ती ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली मांडली. सह्याद्रीत कडे चढणाऱ्यांना ती पाठ असते. १३ मिलिमीटरच्या रोपवर ८ ते १० मिलिमीटरच्या दोरीचा फास घेऊन तीन वेळा गुंडाळायचं. दोरी रोपइतकीच जाड असेल तर पकड कमी पडते. भार पडल्यावर प्रुसिक फार घट्ट बसते, त्यामुळे सतत वर-खाली करण्याच्या कामाला ब्लेक्सच सोयीची.

दोरी कशाची, हे यंत्रमागाच्या गावात समजावणं सोपं जातं. सूत ओळखायला काडी लावून बघतात: कापसाची राख होते, पॉलिस्टरचा वितळून मणी होतो. झपकन उतरलात की गाठीच्या आत तेच घडतं. पॉलिस्टर साधारण २५० अंशांच्या वर वितळतं. बाजारात ‘नायलॉन’ म्हणून मिळणारी बरीचशी पिवळी-निळी दोरी पॉलिप्रॉपिलीनची असते, ती १६० च्या आसपासच मऊ होऊन जाते. तिच्यावर माणूस लटकवायचा नाही, मग ती कितीही जाड असो. डायनिमा हा पॉलिथिलीनचा धागा, त्याची दोरी भाराला जबर, पण १५० अंशांच्या आतच वितळते आणि गुळगुळीतही असते, म्हणून गाठीला नको. अरामिड हा उष्णता सोसणारा कृत्रिम धागा वितळत नाही, त्यामुळे घर्षणगाठीच्या चांगल्या दोऱ्यांना त्याचं आवरण असतं. दोरी कशाचीही असली तरी उतरायचं ते थांबत थांबत.

उतरताना एक हात गाठीच्या डोक्यावर, दुसरा गाठीखालच्या रोपवर. घसरल्यासारखं वाटलं की माणूस वरची गाठच घट्ट पकडतो आणि तिथेच घात होतो, कारण मूठ आवळली की गाठ उघडीच राहते. वरचा हात सोडायचा, खालचा आवळायचा. ही हालचाल जमिनीपासून फूटभर उंचीवर पन्नास वेळा करा. डोक्याने समजून भागत नाही, ती हातात बसावी लागते.

रोज चढण्याआधी त्याच फूटभर उंचीवर पूर्ण वजन टाकून बघा. काल धरलेली गाठ आज नव्या रोपवर घसरू शकते, कारण नवा रोप निसरडा असतो. फांदीवर साल वाचवणारी कड्यांची पट्टी लावली की वरचं घर्षण घटतं आणि गाठीवर जास्त भार येतो, म्हणून पट्टी लावल्यावर पुन्हा तपासा. आधार चिंचेचा किंवा कडुनिंबाचा, खोडालगतचा, मनगटापेक्षा बराच जाड असू द्या. गुलमोहर आणि शेवगा ठिसूळ, त्यांच्यावर भरवसा नको. आग्या मोहोळ आहे का, ते खालूनच बघून घ्या.

चढताना रोपात ढील साचू देऊ नका. घर्षणगाठ झटक्यासाठी नसते, म्हणून दर हातभर चढल्यावर गाठ वर ओढायची. करवत हातात घेतली की कमरेचा दुसरा पट्टा झाडाभोवती हवाच, कारण पात्याला रोप आणि फांदी यांतला फरक कळत नाही.

संध्याकाळी गाठ सोडून दोरीवरून बोट फिरवा. इथली धूळ धाग्यांत शिरून त्यांना आतून कापते, म्हणून रोप मातीवर न टाकता ताडपत्रीवर ठेवा. काचेसारखी चकाकी, कडक झालेली जागा किंवा पिंजलेले धागे दिसले की ती दोरी बाद. बाद दोरीचे वीतभराचे तुकडे करून टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी घाईत कोणीतरी तीच उचलतो.