पिकअपला साइड स्टेप बसवताना पाना नंतर, आधी बोटं

साइड स्टेप, म्हणजे गाडीत चढायची बाजूची पायरी, घ्यायला दुकानात गेलात की पहिल्यांदा समोर येतो तो तीन इंची गोल, चकचकीत पाइप. फोटोत झकास दिसतो, पण पावसात चप्पल त्यावरून हमखास सटकते. नऊवारीतल्या आजींना डबल कॅबमध्ये, म्हणजे चार दारांच्या पिकअपमध्ये, चढताना एकदा बघा, म्हणजे पायरी कशासाठी असते हे कुणी सांगायला नको. पाऊल नीट टेकेल एवढी रुंद, वर खडबडीत पट्टी आणि पाणी निथळायला भोकं असलेली सपाट पायरी घ्या. बाकी सगळी हौस.

धातू कुठला घ्यायचा हे गाडी कुठं फिरते त्यावर ठरतं. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या पावसाला ॲल्युमिनियम बरं, गंजत नाही. जत-आटपाडीच्या खडकाळ वाटांना मात्र पावडर कोटिंग केलेलं जाड लोखंडच हवं. ते वाकलं तर कुठलाही फॅब्रिकेटर सरळ करून देतो, ॲल्युमिनियमच्या पट्टीला तडा गेला की ती भंगारात. वाळवा, पलूस, मिरजेच्या काळ्या रानात उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या असतात. तिथं फार खाली लोंबणारी पायरी कडेच्या ढेकळांना घासत जाते. आणि दगडावर गाडी टेकली तर पायरी वाचवेल, या भ्रमात राहू नका. त्या कामाचा रॉक स्लायडर वेगळा असतो, त्याची बांधणी वेगळी आणि किंमतही वेगळी.

‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असं सांगणाऱ्याकडून किट घेऊ नका. मॉडेल आणि साल सांगा, डबल कॅबला प्रत्येक बाजूस निदान तीन ब्रॅकेट आहेत का मोजा, आणि ते चासीला, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्याला, धरतात की नुसत्या बॉडीच्या पत्र्याला, हे विचारा. पत्र्यावर लटकवलेली पायरी मला फुकटही नको. द्राक्षाच्या क्रेटवर ताडपत्री आवळताना दोन गडी एकदम तिच्यावर चढतात आणि हिसके देतात, तेव्हा पत्रा फाटतो. पायरी टायरच्या आणि बॉडीच्या रेषेबाहेर यायला नको. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. पासिंगच्या दिवशी पायरीवरून वाद घालण्यापेक्षा आधीच आत बसणारी घ्या.

गाडी सपाट जागी लावा, खालून धुऊन वाळू द्या.

आता आट्यांचं काम. सुरुवातीला मला याच टप्प्यानं छळलं होतं, आणि बहुतेक बसवणारे इथंच घाई करतात. चासीत कंपनीनं भोकं ठेवलेली असतात, त्यांच्यामागं नट आतून वेल्ड केलेला असतो. त्या नटात चिखल, गंज आणि खालच्या काळ्या कोटिंगचा थर बसलेला असतो. त्यात थेट बोल्ट घालून पान्यानं किंवा इम्पॅक्ट गननं दाबला, की तो तिरका शिरतो आणि आटे खातो. जोर आणखी वाढला तर आतला वेल्ड सुटतो आणि नट बोल्टबरोबर गरागरा फिरायला लागतो. तिथवर हात पोचत नाही.

म्हणून आदल्या रात्रीच प्रत्येक भोकात गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी तारेचा ब्रश फिरवा आणि मग टॅपनं, म्हणजे आटे पाडायच्या हत्यारानं, आटे साफ करा. टॅप अर्धा वेढा पुढं, पाव वेढा मागं असाच चालवायचा. अडला तर बाहेर काढून पुसायचा, दाबायचा नाही. माप नीट बघा. आठ एमएमच्या बोल्टची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बहुधा १.२५ एमएम असते. दहा एमएममध्ये मात्र १.५ आणि १.२५ या दोन्ही पिच मिळतात, आणि जपानी गाड्यांत १.२५ खूप दिसते. हार्डवेअरच्या दुकानात नुसता ‘दहाचा बोल्ट’ मागितला तर १.५ चा हातात पडतो. दोन-तीन वेढे खुशाल जातो, मग अडतो. लोकांना वाटतं गंज आहे, म्हणून पाना लावतात.

माझा नियम एकच: बोल्ट बोटांनी निदान पाच-सहा वेढे गेलाच पाहिजे. नाही गेला तर पान्याला हात लावायचा नाही, बाहेर काढून पुन्हा आटे बघायचे.

नट फिरलाच, तर शेजारच्या उघड्या भोकातून बोल्ट वेल्ड केलेली पट्टी तारेनं आत ओढून घ्या. तो बोल्ट बाहेर आला की बाहेरून नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा नट लावा. चासीला नवीन भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंगही नाही. ‘दोन टाके मारतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. आतल्या बाजूनं ब्रेकचे आणि डिझेलचे पाइप, वायरिंग गेलेलं असतं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं चासी त्या जागी कमजोर होते.

यापुढं काम सोपं. सगळे ब्रॅकेट सैल लटकवा, पायरी ठेवा, बॉडीपासून दोन बोटं अंतर राखा, नाहीतर काळी माती मध्ये अडकून महिनाभर ओली राहते. दोन्ही बाजू मागून बघून सारख्या करा. आधी चासीचे बोल्ट, मग पायरीचे. किटच्या कागदावर टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळायचा ते माप, दिला असेल तर तोच पाळा. नसेल तर ८.८ ग्रेडच्या (बोल्टच्या डोक्यावर लिहिलेला मजबुतीचा आकडा) आठ एमएमला साधारण २५ आणि दहा एमएमला ४५ न्यूटन मीटर. दरवाजे पूर्ण उघडतात का बघा. बोल्टवरून शेजारच्या ब्रॅकेटवर जाईल अशी पांढऱ्या रंगाची रेघ ओढा, साताऱ्याहून पुण्याला एक फेरी मारून या आणि रेघ सरकली असेल तो बोल्ट पुन्हा आवळा.