लायसन्स निलंबित झालं, तर परत कसं मिळवायचं?

विनाहेल्मेट, तिघे एका दुचाकीवर, भरधाव वेग, दारू पिऊन चालवणं: अशा गुन्ह्यांत पोलीस मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६(४) खाली लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात. चलन भरलं की विषय संपला, हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा. दंड भरला तरी निलंबनाची कारवाई टळत नाही, हे कलम २०० मध्येच लिहिलं आहे.

जप्तीची पोचपावती जपून ठेवा, पण तिच्या जोरावर गाडी चालवू नका. इतर कारणांनी जप्त केलेल्या लायसन्सच्या पावतीवर ठरावीक तारखेपर्यंत चालवता येतं. २०६(४) च्या पावतीवर नाही. अनेक जण इथेच फसतात. अपात्र असताना (म्हणजे लायसन्स निलंबित किंवा रद्द असताना) चालवलं तर कलम १८२ नुसार ३ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्यात अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते.

लायसन्स वाचवायची खरी संधी निलंबनाआधी आरटीओसमोर होणाऱ्या सुनावणीत असते. लायसन्सवरचा पत्ता जुना असेल तर नोटीस हुकते आणि तुमची बाजू न ऐकताच आदेश निघू शकतो. सुनावणीत गयावया करण्यापेक्षा लेखी खुलासा द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. गाडी दुसरं कोणी चालवत होतं, चलनातल्या फोटोतला नंबर तुमचा नाही, असं काही असेल तर पुरावा जोडा. कारण पटलं तर आरटीओ कारवाई सोडून देऊ शकतो. नाही पटलं, तर पहिल्या गुन्ह्याला ३ महिने निलंबन, दुसऱ्याला थेट लायसन्स रद्द.

आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत तो मिळाल्यापासून ३० दिवस. टपालाचं पाकीट फेकू नका, तारीख सिद्ध करायला तेच लागतं.

निलंबनाची मुदत संपली की लायसन्स आपोआप हातात येत नाही. आधी वाहनचालकांसाठीचं उजळणी प्रशिक्षण (रिफ्रेशर कोर्स) पूर्ण करावं लागतं, म्हणून ते निलंबनाच्या काळातच उरका. मग प्रमाणपत्र, आदेशाची प्रत आणि पोचपावती घेऊन आरटीओत जा. गाडी काढण्यापूर्वी सारथी पोर्टलवर (लायसन्सच्या कामांसाठीचं सरकारी संकेतस्थळ) लायसन्सची सद्यस्थिती बघा. मधल्या काळात वैधता संपली असेल तर नूतनीकरण लगेच करा. वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी.

दारूच्या गुन्ह्यात न्यायालयाने अपात्र ठरवलं असेल तर आरटीओत खेटे घालून उपयोग नाही. आदेशाला ६ महिने झाल्यावर त्याच न्यायालयाकडे अपात्रता उठवण्याचा अर्ज करता येतो. तो फेटाळला, तर पुढचा अर्ज ३ महिन्यांनंतरच.