जनुक बदललेला उंदीर हवाय? मग आधी कॅलेंडर काढा

एम.एस्सी.ची पोरं येतात ती 'मॅडम, क्रिस्पर शिकवा' म्हणतच. क्रिस्पर म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापणारी कात्री. ती चालवणं त्यातलं सोपं काम. खरी कसोटी उंदीर सांभाळण्याची आणि तारखा पाळण्याची.

आधी परवानग्या. संस्थेची सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची समिती) नोंदणी, प्रकल्पाला प्राणी नैतिकता समितीची आणि जैवसुरक्षा समितीची मंजुरी. 'उंदीरच का?' याचं उत्तर नसेल, पेशींवर भागत असेल, तर इथेच थांबा.

ज्या जनुकावर काम करायचंय ते पूर्ण बंद केल्यावर पिल्लू पोटातच दगावतं का, हे शोधा. दगावत असेल तर क्रे-लॉक्सपी (ठराविक पेशींतच जनुक कापून काढणारी जोडी) वापरून हव्या त्याच अवयवात बंद करा. कात्रीला कापायची जागा दाखवणारे गाइड आरएनए दोन-तीन बनवा आणि पेशींमध्ये तपासून घ्या.

आता वेळापत्रक. काळ्या सी५७ जातीच्या माद्यांना बीजांडं वाढवणारं पीएमएसजी हे संप्रेरक, 46 ते 48 तासांनी बीजांडं सोडवणारं एचसीजी, आणि त्याच संध्याकाळी नराच्या पिंजऱ्यात. सकाळी लवकर योनिमार्गात पांढरट घट्ट बूच शोधा, ती जुगल्याची खूण. आळस केलात तर ते गळून जातं. बूच सापडलेल्या मादीला वेदना न देता मारून अंडवाहिनी काढायची. तिचा फुगीर भाग सुईने फाडला की बीजांडांचा पुंजका बाहेर येतो. हायल्युरोनिडेज या विकरात भोवतालच्या पेशी सुटतात. दोन केंद्रकं (एक आईचं, एक बापाचं) स्पष्ट दिसतील तीच, म्हणजे फळलेली बीजांडं निवडा. कॅस-9 (प्रत्यक्ष कापणारं प्रथिन) आणि गाइड सुईने टोचा किंवा विजेच्या झटक्याने आत सोडा. नवख्या हाताला झटकाच बरा.

ही बीजांडं नसबंदी केलेल्या नराशी जुगलेल्या मादीच्या अंडवाहिनीत ठेवायची; जुगल्याने तिचं शरीर गर्भाला तयार होतं, पण तिचं स्वतःचं पिल्लू धरत नाही. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर द्राक्षाचं कलम करतात ना, तसंच: खुंट पोसतो, घड मात्र डोळ्याच्या जातीचे. मी सरोगेट पांढरी घेते. काळी पिल्लं दिसली की आपल्याच बीजांडांची आहेत हे लगेच कळतं.

गर्भ साधारण 19 ते 21 दिवसांचा. आपल्या नाशकात गणपतीच्या तोंडावर बाळंतपणं येतील असं आखू नका. ढोलपथकांचा सराव जवळ असेल तर बिथरलेली आई पिल्लं खाते. मे महिन्यात एसीला जनरेटरचा आधार हवाच.

21 दिवसांनी पिल्लं आईपासून तोडा, कानाचा कण घेऊन पीसीआर (डीएनएचा हवा तो तुकडा वाढवणं) आणि सिक्वेन्सिंग (त्यातली अक्षरं वाचणं) करा. इथे बहुतेक जण घाईने पेढे वाटतात. पहिली पिढी बहुधा मोझॅक असते, म्हणजे काही पेशींत बदल, काहींत नाही. कानात बदल सापडला तरी शुक्रपेशींत किंवा बीजांडांत असेलच असं नाही. म्हणून तिचा साध्या उंदराशी संकर करा. पिल्लांत बदल उतरला, तरच वाण धरला म्हणायचं. मग दोन वाहक (एकच प्रत बदललेले) जुळवले की सरासरी चारातल्या एका पिल्लात दोन्ही प्रती बदललेल्या मिळतात.

2007 चं नोबेल कपेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना मिळालं ते गर्भाच्या मूलपेशींत जनुक बदलून उंदीर घडवण्याच्या जुन्या वाटेसाठी. क्रिस्परने वेळ वाचला, संकर मात्र चुकला नाही.

वाण जमला की शुक्रपेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवा. पिंजऱ्याच्या कार्डावर आई-बाप, जन्मतारीख, जीनोटाइप (जनुकाच्या किती प्रती बदलल्या) लिहा, तेही पेन्सिलीने. स्पिरिटचा बोळा फिरला की पेनाची शाई जाते.